शोधयंत्रावरील जाहिरात : लघुउद्योजकाने सूत्रे कोणाच्या हाती द्यावीत?

आपल्याकडील लहान उत्पादक माल उत्तम तयार करतो, परंतु त्याला गिऱ्हाईक मिळवून देण्याची विद्या त्याच्यापाशी नसते, ही तक्रार जुनीच आहे. पूर्वी या अडचणीवर आठवडी बाजार, जत्रा, प्रदर्शने आणि एस. टी. स्थानकावरील फलक हे उपाय होते. ते आजही आहेत. मात्र गेल्या दोन दशकांत त्यांच्या जोडीला एक नवे साधन आले आहे. पुण्यातील गृहिणीला कोकणातील आंबापोळी हवी असेल, तर ती मोबाईलवर गूगलसारख्या शोधयंत्रात दोन शब्द लिहिते आणि समोर येणाऱ्या पहिल्या चार-सहा नावांपैकी एखादे निवडते. त्या नावांतील काही पैसे भरून तेथे आलेली असतात. यालाच शोधयंत्रावरील जाहिरात म्हणतात.

या जाहिरातीचा मार्ग महिला बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी, कृषी पर्यटन केंद्र, गावातील यंत्रदुरुस्तीचे दुकान अशा कोणालाही खुला आहे. किमान रकमेची अट जवळजवळ नाहीच. तथापि खाते उघडताच एक प्रश्न समोर उभा राहतो. कोणत्या शब्दांवर, कोणत्या गावी, किती पैशांची बोली लावावयाची हे स्वतः ठरवावे, की सारे यंत्रावर सोपवून मोकळे व्हावे? या प्रश्नाचे उत्तर चुकल्यास मोठ्या कंपनीचे फारसे बिघडत नाही. बचत गटाचे मात्र वर्षभराचे भांडवल दोन महिन्यांत संपू शकते. गावातील लोक अशा वेळी सल्ल्यासाठी शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांच्याकडेच येतात. म्हणून या विषयाची मूलतत्त्वे येथे मांडण्याचे योजिले आहे.

हा एक लिलावच आहे

बाजार समितीच्या आवारातील लिलाव आपल्या परिचयाचा आहे. शोधयंत्रावरील जाहिरातही लिलावानेच विकली जाते, फरक इतकाच की हा लिलाव प्रत्येक शोधाच्या वेळी नव्याने होतो आणि क्षणार्धात संपतो. ही कल्पना व्यवहारात प्रथम आणली ती अमेरिकेतील ‘गोटू’ या कंपनीने, १९९८ मध्ये. गूगलने आपली जाहिरात सेवा २००० साली सुरू केली आणि २००२ मध्ये ‘क्लिकला दाम’ ही लिलावपद्धती स्वीकारली. जाहिरात नुसती दिसली तर पैसे नाहीत, कोणी तीवर बोट ठेवून आत आला तरच पैसे, असे तिचे स्वरूप आहे.

या लिलावाची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेतली पाहिजेत. पहिले असे की, केवळ मोठी बोली लावणारा जिंकत नाही. जाहिरात शोधणाऱ्याच्या गरजेशी किती जुळते आणि तिच्यामागील पान किती उपयुक्त आहे, याचाही गुण धरला जातो. दुसरे असे की, जिंकणाऱ्यास आपली पूर्ण बोली द्यावी लागत नाही. आपल्या खालच्या स्पर्धकास मागे टाकण्यापुरतीच रक्कम त्याला पडते. सोपे उदाहरण घेऊ. एका व्यापाऱ्याची बोली १० रुपये आणि गुण ४ आहेत, म्हणजे गुणाकार ४०. बचत गटाची बोली ६ रुपये, परंतु गुण ८, म्हणजे गुणाकार ४८. वरची जागा गटाला मिळते आणि त्याला ४० भागिले ८, म्हणजे सुमारे ५ रुपयेच द्यावे लागतात. प्रत्यक्ष हिशेबात आणखीही घटक असतात, पण तत्त्व हेच. लहान माणसाला या बाजारात स्थान मिळू शकते ते याच कारणाने.

हाताने चालविण्याची पद्धत

हाताने चालविण्याच्या पद्धतीत जाहिरातदार आपले शोधशब्द स्वतः निवडतो, प्रत्येकाची कमाल बोली ठरवितो, वर्ज्य शब्दांची यादी देतो आणि दर आठवड्यास अहवाल पाहून फेरफार करतो. शब्द कितपत ताणावयाचा हेही तोच सांगतो. व्यापक जुळणी ठेवली तर आशयाने जवळचे अनेक शोध येतात, वाक्यांश जुळणीत अर्थ बराचसा तोच राहावा लागतो, तर तंतोतंत जुळणी सर्वांत अरुंद असते.

यातील वर्ज्य शब्दांचे महत्त्व नवख्यांच्या लक्षात येत नाही. आंबापोळी विकणाऱ्या गटाने व्यापक जुळणी ठेवली, की ‘आंबापोळी कशी करावी’, ‘कोकमचे फायदे’, ‘आंबापोळी घाऊक दर’ असे शोध करणारेही जाहिरातीवर येऊ लागतात. त्यांपैकी पहिल्याला कृती हवी आहे, दुसऱ्याला माहिती, तिसरा तर स्वतःच व्यापारी आहे. यांपैकी कोणीही पार्सल मागविणार नाही, पण पैसे तिघांचेही पडतात. ‘कशी करावी’, ‘फायदे’, ‘घाऊक’ हे शब्द वर्ज्य केले की ही गळती बरीच थांबते. मराठी माणूस तोच शब्द कधी देवनागरीत तर कधी रोमन लिपीत लिहितो, म्हणून ही यादी दोन्ही लिप्यांत देणे आवश्यक आहे.

या पद्धतीचा दोष उघड आहे. तीत वेळ जातो, आणि चिकाटी हवी. शिवाय दर शोधागणिक बोली बदलणे कोणाही माणसास शक्य नाही.

स्वयंचलित पद्धत

स्वयंचलित पद्धतीत आपण उद्दिष्ट सांगावयाचे (उदाहरणार्थ ‘अधिकाधिक मागण्या मिळाव्यात’ किंवा ‘एक मागणी अमुक रुपयांत पडावी’), आणि बोली यंत्राने लावावयाची. शोधणारा कोठे आहे, कोणत्या वेळी व कोणत्या उपकरणावरून शोधीत आहे, कोणती भाषा वापरतो, अशा अनेक खुणा पाहून यंत्र प्रत्येक लिलावात वेगळी बोली लावते. जो विकत घेण्याची शक्यता अधिक, त्याच्यासाठी ते जास्त देते आणि इतरांसाठी हात आखडते. गूगलने २०२१ अखेर सर्व जाहिरातदारांना खुली केलेली ‘परफॉर्मन्स मॅक्स’ ही मोहीम याच्याही पुढे जाते. शोधनिकाल, यूट्यूब, जीमेल, नकाशे आणि इतर संकेतस्थळे या सर्वांवर कोठे किती खर्च करावयाचा हेदेखील तीत यंत्रच ठरविते.

या यंत्राला कमी लेखणे योग्य होणार नाही. दिवसाला शेकडो मागण्या घेणाऱ्या दुकानासाठी ते माणसापेक्षा सरस काम करू शकते. परंतु यंत्र शिकते ते आधीच्या अनुभवावरून. कोणत्या प्रकारच्या शोधातून मागणी आली आणि कोणत्यातून नाही, याची पुरेशी उदाहरणे त्याच्यापुढे असावी लागतात. महिन्याकाठी निदान तीसएक मागण्यांची नोंद असावी, असा या क्षेत्रातील जाणकारांचा सर्वसाधारण अंदाज आहे. लहान उद्योजकाची अडचण नेमकी येथेच आहे. त्याच्यापाशी पैसा कमी म्हणून क्लिक कमी, क्लिक कमी म्हणून मागण्या कमी, आणि मागण्या कमी म्हणून यंत्राला शिकावयास सामग्री अपुरी. हापूस आंब्यासारख्या दोन-अडीच महिन्यांच्या व्यवसायात तर यंत्र शिकून तयार होईपर्यंत हंगामाचा मोठा भाग सरून गेलेला असतो.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. संपूर्णपणे हाताने चालणारी जाहिरात आज शिल्लक राहिलेली नाही. २०१८ पासून ‘तंतोतंत’ जुळणीतही समान अर्थाचे शोध धरले जातात. जून २०२२ नंतर साध्या शोधजाहिरातीचा मजकूरही यंत्रच जुळविते. आपण १५ पर्यंत मथळे आणि ४ पर्यंत वर्णने द्यावयाची, आणि त्यांतून कोणती जोडी दाखवावयाची ते यंत्राने पाहावयाचे. म्हणून किती आणि केव्हा सोपवावे, असाच प्रश्न आता विचारावयास हवा.

एका गटाचा हिशेब

कल्पनेतील एका गटाचे उदाहरण घेऊ. आंबापोळी व कोकम आगळ यांचे एक पार्सल हा गट विकतो. वाणसामान, मजुरी, बांधणी व टपालखर्च वजा जाता एका पार्सलमागे ३०० रुपये उरतात. गटाने जाहिरातीसाठी महिन्याला ६,००० रुपये, म्हणजे दिवसाला २०० रुपये ठरविले. एक क्लिक सरासरी ८ रुपयांस पडतो असे मानू. महिन्यात ७५० क्लिक मिळाले आणि शंभरातील दोघांनी पार्सल मागविले, तर मागण्या १५ होतात. ६,००० भागिले १५ केले की एका मागणीमागे जाहिरातीचा खर्च ४०० रुपये येतो. मिळकत ३०० आणि खर्च ४००. प्रत्येक पार्सलला गट १०० रुपये पदरचे घालतो आहे, आणि विक्री वाढते आहे म्हणून समाधानही मानतो आहे!

आता गटाने वर्ज्य शब्द दिले, जाहिरात अरुंद केली आणि पानावर पार्सलची किंमत व घरपोच मिळण्याची मुदत स्पष्ट लिहिली. त्यामुळे तेवढ्याच क्लिकमधून शंभरातील चौघे मागणी नोंदवू लागले, तर मागण्या ३० होतात आणि एका मागणीचा खर्च २०० रुपयांवर येतो. आता प्रत्येक पार्सलला १०० रुपये शिल्लक राहतात. पैसा तोच आणि माल तोच असूनही तोट्याचा व्यवहार नफ्याचा झाला, तो केवळ लक्ष घातल्याने.

यातून एक साधे सूत्र मिळते. एका मागणीची मिळकत गुणिले शंभरातील मागण्या, भागिले शंभर, ही क्लिकची परवडणारी कमाल किंमत होय. पहिल्या स्थितीत ती ३०० गुणिले २ भागिले १००, म्हणजे ६ रुपये होती. गट ८ रुपये देत होता. दुसऱ्या स्थितीत ती १२ रुपये झाली. सातव्या इयत्तेतील विद्यार्थ्यास येणारे हे गणित आहे, परंतु ते मांडल्यावाचून जाहिरातीत उतरणाऱ्यांची संख्या थोडी नाही.

कराचाही विचार करावा लागेल. जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर पडतो. नोंदणीकृत व्यावसायिकास नियमांप्रमाणे त्याची वजावट मिळू शकते. गट नोंदणीकृत नसेल, तर आठ रुपयांचा क्लिक त्याला प्रत्यक्षात ९ रुपये ४४ पैशांस पडतो, आणि दुसऱ्या स्थितीतील १०० रुपयांची शिल्लक ६४ रुपयांवर येते. याखेरीज, एखाद्या दिवशी ठरविलेल्या रकमेच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, हेही अनेकांना ठाऊक नसते. महिन्याची मर्यादा मात्र दैनिक रकमेच्या ३०.४ पट, म्हणजे या उदाहरणात ६,०८० रुपये, अशी राहते.

यंत्रास काय मोजावयास सांगितले?

यंत्र आज्ञाधारक असते, आणि तोच त्याचा धोकाही आहे. मागणी नोंदविली जाणे हे यश, असे सांगितले तर ते मागणी करणारे शोधील. परंतु नुसते पान उघडणे किंवा दूरध्वनीच्या खुणेवर बोट ठेवणे हेच यश म्हणून नोंदविले, तर ते तसेच लोक स्वस्तात गोळा करून आणील. अहवालातील आकडे फुगतील आणि गटाची पेटी रिकामी राहील. म्हणून यंत्राच्या अहवालाशेजारी गटाची स्वतःची वही असलीच पाहिजे. आलेल्या प्रत्येक मागणीपुढे ‘आमच्याविषयी कोठून कळले?’ असा एक रकाना ठेवावा. ती वही आणि अहवाल दर महिन्यास ताडून पाहावेत.

या संदर्भात ‘ईबे’ या मोठ्या अमेरिकी कंपनीतील प्रयोग बोधप्रद आहे. थॉमस ब्लेक, क्रिस नोस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. २०१२ मध्ये कंपनीने काही शोधयंत्रांवर आपल्याच नावाच्या शोधांवरील जाहिराती थांबवून पाहिल्या. येणाऱ्यांची संख्या घटली का? जवळजवळ नाहीच. जे लोक कंपनीचे नावच लिहून शोधीत होते, ते जाहिरातीखालील विनामूल्य दुव्यावरून आत आले. नेहमीच्या ग्राहकांवर जाहिरातीचा परिणाम नगण्य होता. नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर मात्र तो दिसून आला. जो आपल्याला ओळखतो त्याला बोलाविण्यासाठी पैसे मोजणे व्यर्थ, आणि जो ओळखत नाही त्याच्यापर्यंत पोहोचणे हे जाहिरातीचे खरे काम, असा याचा अर्थ. सर्व सूत्रे यंत्राच्या हाती असली, की आपल्याच नावाने शोधणाऱ्या गिऱ्हाइकांच्या मागण्याही जाहिरातीच्या खात्यावर जमा होतात आणि यश प्रत्यक्षापेक्षा मोठे भासते.

आयत्या निवडींपासून सावधगिरी

खाते उघडताना काही निवडी आधीच केलेल्या असतात. त्या वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. स्थानाची निवड हे त्याचे चांगले उदाहरण होय. आपण ‘रत्नागिरी’ लिहिले, तर रत्नागिरीत असलेले आणि रत्नागिरीविषयी उत्सुकता दाखविणारे, अशा दोघांनाही जाहिरात दाखविण्याची आयती निवड असते. कृषी पर्यटन केंद्रास ती सोयीची आहे, कारण त्याचा पाहुणा मुंबई-पुण्यात बसूनच शोध घेतो. परंतु शहरात जेवणाचे डबे पोहोचविणाऱ्या खानावळीस ती घातक ठरते. मुंबईतील माणसाच्या क्लिकचा तिला काय उपयोग? तिने ‘केवळ येथे असलेले’ हीच निवड केली पाहिजे. शोधनिकालांखेरीज इतर संकेतस्थळांवर जाहिरात दाखविण्याची निवडही आरंभी काढून टाकणे हिताचे असते.

जाहिरात विकणारी संस्था वेळोवेळी सूचनाही देते. बोली वाढवा, रक्कम वाढवा, जुळणी व्यापक करा, असे त्यांचे स्वरूप असते. काही सूचना आपोआप अमलात येण्याचीही सोय असते. त्या सर्वच वाईट असतात असे नाही. परंतु लिलाव पुकारणाराच बोली किती लावावी हे सांगू लागला, तर शहाणा माणूस आपला हिशेब आपणच करतो. ५ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेतील संघीय न्यायालयाने गूगलने सामान्य शोधसेवा आणि शोधनिकालांतील मजकूर-जाहिराती या दोन्ही बाजारांत बेकायदेशीररीत्या मक्तेदारी टिकविल्याचा निर्णय दिला, ही गोष्टही येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. अहवालांच्या बाबतीतही असेच आहे. सप्टेंबर २०२० पासून शोधशब्दांच्या अहवालात सर्व शोध दाखविले जात नाहीत. ‘परफॉर्मन्स मॅक्स’चे अहवाल तर आरंभी फारच त्रोटक होते, वर्ज्य शब्दांची सोय आणि खर्चाचा माध्यमनिहाय तपशील तीत २०२५ मध्ये येऊ लागला.

कोणी कोणता मार्ग घ्यावा?

वरील विवेचनावरून पुढील क्रम सुचविता येईल.

१. प्रथम विनामूल्य साधने वापरावीत. गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद करण्यास पैसे पडत नाहीत. पत्ता, वेळ, दूरध्वनी आणि मालाची छायाचित्रे तेथे अचूक द्यावीत. दुरुस्तीचे दुकान, खानावळ अशा स्थानिक व्यवसायांचे काम पुष्कळदा एवढ्यानेच भागते.

२. जाहिरातीचा आरंभ हाताने, अरुंद क्षेत्रात आणि थोड्या रकमेने करावा. वीस-तीस नेमके शब्द पुरेत. दर आठवड्यास एक तास ठरवून, कोणते शोध आले ते पाहावे आणि वर्ज्य शब्द वाढवावेत.

३. मागण्यांची खरी नोंद महिन्याला तीसच्या आसपास पोहोचली आणि दोन-तीन महिने टिकली, की बोली लावण्याचे काम यंत्रावर सोपवून पाहावे. वरील गटाने ‘एक मागणी २०० रुपयांपर्यंत’ असे उद्दिष्ट द्यावे. शब्द, स्थान आणि रकमेची मर्यादा मात्र आपल्याच हाती ठेवावी. बदल केल्यावर एक-दोन आठवडे यंत्रास शिकू द्यावे; रोज ढवळाढवळ करू नये.

४. मागण्या विपुल आणि वर्षभर येत असतील, मालाचे प्रकार अनेक असतील आणि विक्रीची नोंद चोख असेल, तरच सर्वस्वी स्वयंचलित मोहिमेचा विचार करावा. ती जुन्या मोहिमेच्या शेजारी थोड्या रकमेने चालवून तुलना करावी.

५. आठवड्यातला एक तासही देणे शक्य नसेल, तर यंत्रावर सोपविण्यापेक्षा जाहिरात न करणेच बरे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लक्ष न देता चाललेली मोहीम म्हणजे नळ उघडा ठेवून घराबाहेर पडणे होय.

हे काम एखाद्या व्यावसायिकाकडे सोपविण्याचा मार्गही अनेकजण पत्करतात. त्यात गैर काही नाही. मात्र खाते गटाच्याच नावावर असावे, प्रवेशशब्द गटापाशी असावा, आणि जाहिरातीची रक्कम व व्यावसायिकाचे शुल्क यांचे हिशेब वेगळे मिळावेत. अन्यथा करार संपताच सारा पूर्वानुभव त्या व्यावसायिकाबरोबर निघून जातो आणि गटाला पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागतो.

मार्गदर्शकांचे काम

शिक्षक, पंचायत सदस्य आणि विस्तार अधिकारी यांनी जाहिराततज्ज्ञ व्हावे अशी अपेक्षा नाही. परंतु कोणी सल्ल्यास आले, तर तीन प्रश्न विचारणे त्यांना सहज शक्य आहे. एका मागणीमागे तुमचे किती रुपये उरतात? गेल्या महिन्यात जाहिरातीवरून खरोखर किती मागण्या आल्या? आणि ही जाहिरात दर आठवड्यास कोण पाहते? या तिन्हींची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याने हाताने चालविली काय आणि यंत्राने चालविली काय, त्याचे फारसे नुकसान होणार नाही. ज्याच्यापाशी ती नाहीत, त्याला अगोदर वही घालावयास सांगावे.

बैल जाऊन ट्रॅक्टर आला तरी कोणत्या शेतात काय पेरावयाचे हे शेतकरीच ठरवीत आला आहे. बोली लावण्याचे श्रम यंत्राने अवश्य घ्यावेत. उद्दिष्ट, मर्यादा आणि पडताळणी या तीन गोष्टी मात्र उद्योजकाने कधीही हातच्या सोडू नयेत.